खाली मान घालून

ज्या वाटेच्या माथ्यावर गड नाही आणि जिच्या शेवटी देऊळ नाही, अशा वाटेने चालण्याची सवय आम्हां महाराष्ट्रीयांच्या पायांना फारशी नाही. गड चढणाऱ्याला पायथ्यापासूनच बुरूज दिसू लागतो, वारीला निघालेल्याचे चित्त पंढरपुरी केव्हाच जाऊन पोहोचलेले असते, आणि त्यामुळे वाटेत जे काही श्रम होतात त्यांचा हिशेब कोठे चुकता व्हावयाचा हे दोघांनाही आधीच ठाऊक असते. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात, सुपिरिअर सरोवराच्या ईशान्य काठाने, पकसॉ राष्ट्रीय उद्यानातून जी 60 किलोमीटरांची पाऊलवाट गेली आहे तिला असे काही टोक नाही. बहुतेक प्रवासी हॅटी कोव्ह येथे मोटार उभी करतात, बोटीने दक्षिणेस नॉर्थ स्वॅलो नदीच्या मुखाशी जाऊन उतरतात, आणि तेथून कितीएक मुक्काम करीत चालत पुन्हा आपल्या मोटारीपाशी येतात. एवढी यातायात करून माणूस निघाला तेथेच परत येतो हे ऐकून पुण्यातील माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी "मग मोटारीतच बसून राहायचे होते," असा अभिप्राय दिला. आणि निव्वळ तर्काच्या बळावर तो खोडून काढणे मला आजतागायत साधलेले नाही.

या पाण्याला सरोवर म्हणावयाचे ते केवळ ते गोडे आहे म्हणून. एरवी त्याच्या अंगी सागराची सारी लक्षणे आहेत. क्षेत्रफळ 82,100 चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध कोकण त्यात अडीच वेळा बुडवून वर थोडी जागा उरावी. सर्वाधिक खोली 406 मीटर, आणि पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून 183 मीटर उंच असूनही तळ मात्र समुद्रसपाटीच्या सव्वादोनशे मीटर खाली गेलेला. भूपृष्ठावरील द्रवरूप गोड्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका द्रोणीत साठलेला आहे, आणि पावसाचा एखादा थेंब यात पडला म्हणजे त्याला पुन्हा बाहेर पडावयास सरासरी 190 वर्षे लागतात असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. भर उन्हाळ्यातही या पाण्यात पाय घातला तर क्षणभराने तो आपला आहे की नाही याची शंका यावी, इतके ते थंड असते. 10 नोव्हेंबर 1975 च्या रात्री 'एडमंड फिट्झजेराल्ड' नावाचे 222 मीटर लांबीचे जहाज, लोहखनिज भरून, वादळाचा मारा चुकविण्यासाठी याच कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशाने निघाले होते. व्हाइटफिश उपसागराचा आसरा हाकेच्या अंतरावर असताना ते 29 माणसांसह तळाला गेले.

भूगर्भशास्त्राची मला जुजबी आवड आहे, आणि तिच्यापायी या परक्या मुलुखात एक दूरचे नातेही हाती लागले. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी येथे उत्तर अमेरिकेचे खंड दुभंगू लागले, भेगांतून लाव्ह्याचे थरांवर थर बाहेर आले, आणि पुढे कोणत्याशा कारणाने तो दुभंग अर्ध्यावरच थांबला. त्या अपुऱ्या राहिलेल्या फाळणीची खोलगट घळ, हिमनद्यांनी खरवडून काढलेली, म्हणजे हे सरोवर. आपला सह्याद्री ज्या जातीच्या लाव्ह्याने रचला त्याच जातीचे हे थर. फरक इतकाच की सह्याद्रीचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, तेव्हा नात्याने तो यांचा फारच धाकटा भाऊ ठरेल. पकसॉच्या काठावरचे कातळ तर या लाव्ह्याहूनही जुने, 270 कोटी वर्षांच्या घरातले. ज्याच्या वयाचा आकडा मनात मावत नाही अशा दगडावर बसून शेंगदाण्याची चिक्की खाताना माणसाला जो काही नम्रपणा यावयास हवा तो मला आला नाही, हे नमूद केले पाहिजे. भूक लागली होती.

मला तेथे नेले ते माझ्या भाच्याने. टोरांटोहून मॅरेथॉन या गावापर्यंतचे हजाराहून अधिक किलोमीटर त्याने मोटार हाकली, उद्यानाच्या कचेरीतून परवाना काढला, आणि कोणत्या रात्री कोणत्या तळावर राहावयाचे याची तारीखवार नोंद करून दिली. सरकारी कागदाच्या बाबतीत हा मुलगा आपल्या आजोबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर गेला आहे. ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. परंतु सरकारचा परवाना मिळाला तरी वाऱ्याचा मिळावा लागतो, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. धक्क्यावर जाऊन आलेल्या भाच्याने सांगितले, "मामा, आज बोट नाही. लाटा उतरल्याशिवाय निघणार नाही म्हणतो."

"मग आपण काय करायचं?"

"काय करणार? बसा. चहा टाकतो."

त्या दिवशी आम्ही बसलो, आणि तारखांची ती नोंद एकेका रात्रीने पुढे ढकलण्यासाठी भाचा पुन्हा कचेरीच्या खिडकीशी उभा राहिला. पूर्वी याच काठाने माँट्रिअलच्या व्यापाऱ्यांच्या, भूर्जाच्या सालीच्या, 11 मीटर लांबीच्या होड्या केसाळ चामड्यांचा व्यापार करीत जात. त्या वल्हविणारे फ्रेंच गडी 90 पौंडांचे गठ्ठे एकावर एक पाठीवर घेऊन धावत, पण वारा उठला की तेही असेच काठावर हात बांधून बसत. सरोवराने कोणालाही सूट दिलेली नाही.

आता चालण्याविषयी. लांबून पाहणाऱ्याला वाटते की किनाऱ्याची वाट म्हणजे सपाटीची वाट, आणि सपाटीची वाट म्हणजे सोपी. प्रत्यक्षात येथे जमीन एक शब्द सलग बोलत नाही. शंभर पावले ओल्या वनातून जावे, जेथे स्प्रूस आणि बाल्सम यांची मुळे मातीच्या वर येऊन एकमेकांत अडकलेली असतात; मग एकदम कातळाचा उतार लागावा, ज्यावरून खाली सरळ पाणी दिसते; तो संपतो न संपतो तोच गोट्यांचे मैदान सुरू व्हावे. हे गोटे लाटांनी घोटून गुळगुळीत केलेले, नारळाएवढे, कधी कलिंगडाएवढे, आणि एकही दुसऱ्याशी बांधील नाही. पाऊल ठेवावे तो एक हलतो, तो हलला की शेजारचा कुरकुरतो, आणि पाठीवरचे ओझे, ज्याला स्वतःचे असे एक मत असते, नेमके त्याच क्षणी उलट दिशेस कलते. अशा गोट्यांवरून एक किलोमीटर जाणे म्हणजे सिंहगड निम्मा चढणे असे माझ्या गुडघ्यांचे ठाम मत झाले आहे.

त्यातही दगडफुलाचा एक वेगळा अंमल आहे. गोड्या मसाल्यात पडणारे, हातात घेतले तर कागदासारखे कुरकुरणारे दगडफूल ज्या कुळातले, त्याच कुळाच्या नाना जाती या कातळांवर पसरलेल्या असतात. काही करड्या, काही पोपटी, आणि पाण्याच्या अगदी काठाशी एक जर्द शेंदरी, की वळणावर प्रथम तो खडक दिसला तेव्हा कोणी शेंदूर फासून देव मांडला आहे अशा समजुतीने माझा हात छातीशी गेला. पण खरी सत्ता चालते ती काळ्या, कातळाला खपलीप्रमाणे चिकटलेल्या एका जातीची. कोरडी असताना ती बुटाला घट्ट धरते. धुके आले आणि तिला ओल मिळाली की तिच्यावर पाय ठेवणे आणि तेलावर ठेवणे यांत काही अंतर उरत नाही. धुके येथे येते ते न विचारता येते. समोरचे भूशिर, त्यावरची झाडे, त्यांच्या मागचे आकाश हे सारे पाच मिनिटांत काढून घेतले जाते, आणि मग दोन माणसे, चार बूट आणि त्यांच्या भोवतालचा हातभर ओला कातळ एवढेच जग शिल्लक राहते.

या सर्वांचा परिणाम असा होतो की ज्या निसर्गशोभेसाठी म्हणून माणूस एवढ्या दूर आलेला असतो ती त्याला दिवसाकाठी फार थोडा वेळ दिसते. तो चालतो खाली मान घालून. पहिल्या दिवशी मला याचा राग आला. डावीकडे एवढे अफाट पाणी उन्हात चमकत असावे आणि आपण मात्र पुढचा गोटा हलतो की नाही याची चौकशी करीत जावे, ही मोठीच फसवणूक वाटली. थांबून पाहावे म्हटले तर काळ्या माश्या आणि डास यांनी थांबण्याची किंमत वसूल केलीच. हळूहळू राग मावळला, आणि खाली पाहत चालणाऱ्याला जे दिसते त्याचीच गोडी लागली.

वाळूचे किनारेही वाटेत लागतात, आणि गोट्यांनंतर त्यांच्यावर पाऊल पडले की अंगातून सुटकेचा सुस्कारा निघतो. अशा वाळूत पिचर्स थिसल नावाचे एक काटेरी झुडूप वाढते. पाने पांढुरकी, केसाळ, बोटाने चोळली तर लोकर लागावी तशी. जमिनीलगत एक गोल गुच्छ करून ते वर्षानुवर्षे नुसते बसून राहते, मूळ खोल वाळूत उतरवत जाते, आणि तीन ते आठ वर्षांनी केव्हातरी एक दांडा वर काढून फिकट गुलाबी फुले धरते. बी झाले की मरते. जगात हे झुडूप सुपिरिअर आणि त्याच्या शेजारच्या महासरोवरांच्या काठच्या वाळूशिवाय कोठेही होत नाही. मी त्याच्या शेजारी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. फूल नव्हते, बहुधा त्याला अजून दोनएक वर्षे अवकाश होता.

संध्याकाळी तळावर पोहोचावे, तंबू ठोकावा, स्टोव्ह पेटवावा. अस्वलांचा मुलूख असल्यामुळे खाण्याचे सारे पदार्थ रात्री लोखंडी पेटीत बंद करून ठेवण्याचा कडक नियम आहे, आणि भाचा त्याची अंमलबजावणी कोतवालाच्या निष्ठेने करीत असे. "मामा, मेतकुटाची पुडी तंबूत नाही ना राहिली?" हा प्रश्न अंथरुणावर पडल्यावरही एकदा येतच असे. अस्वलाला मेतकूट आवडेल की नाही हे सांगता येत नाही, परंतु त्या प्रयोगाचे साक्षीदार होण्याची आमची दोघांचीही तयारी नव्हती.

या किनाऱ्याची जी प्रतिमा कॅनडातील सुशिक्षित माणसाच्या मनात आहे ती मात्र खाली पाहणाऱ्याने घडविलेली नाही. 1921 च्या शरद ऋतूत लॉरेन हॅरिस आणि ए. वाय. जॅक्सन हे चित्रकार या उत्तर काठावर आले, आणि 'ग्रुप ऑफ सेव्हन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या मंडळातील काहीजण पुढे कित्येक वर्षे येत राहिले. हॅरिसचे 'पिक आयलंड' हे चित्र मी टोरांटोनजीकच्या मॅकमायकेल संग्रहालयात आधीच पाहिले होते: निळसर करडे पाणी, त्यात आसनस्थ झालेले एक बेट, वर ढगांतून उतरणारा थंड प्रकाश, आणि सबंध फलकावर मनुष्याची एकही खूण नाही. चित्र थोर आहे यात संशय नाही. त्याच्यापुढे उभे राहिले की माणूस आवाज खाली आणतो. परंतु हे चित्रकार ज्या ठिकाणी उतरत तेथवर ते कॅनडियन पॅसिफिक रेल्वेने येत, आणि ज्या नग्न, विरक्त टेकड्यांनी हॅरिसच्या चित्ताला मोहिनी घातली त्यांचे नग्नपण पुष्कळअंशी आधीच्या वणव्यांनी आणलेले होते. रेल्वेचा रूळ चौकटीबाहेर ठेवून त्याने अनंताचे चित्र काढले. कलावंताला तो अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की त्यानंतर आलेल्या आम्हां पर्यटकांनी ती चौकट जमिनीवरही आणून बसविली, आणि हा किनारा सृष्टीच्या आरंभापासून असाच निर्मनुष्य होता असे धरून चाललो.

खाली मान घालून चालणाऱ्याचा हा समज एखाद्या दुपारी मोडतो. माझा मोडला तो पाण्यापासून बराच वर, झाडीच्या कडेला, गोट्यांच्या एका जुन्या पायरीवर. येथे अशा पायऱ्या एकावर एक आहेत. दहा हजार वर्षांपूर्वी येथे बर्फाचे प्रचंड ओझे होते. ते वितळल्यावर दबलेली भूमी हळूहळू वर येऊ लागली आणि अजूनही येतच आहे, त्यामुळे पूर्वी ज्यांवर लाटा फुटत होत्या ते किनारे आज वनात, पाण्यापासून दूर आणि उंच जाऊन बसले आहेत. अशा एका पायरीवर गोट्यांचा पट सलग पसरलेला असताना मध्येच एक लांबट गोल खळगा दिसला, पुरुषभर लांबीचा, गुडघ्यापेक्षा खोल, आणि त्याच्या काठाचे गोटे निगुतीने रचलेले. काठावर दगडफूल चढले होते, तळाशी सुकी पाने होती. लाट असा खड्डा करीत नाही. एकेक गोटा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवल्याशिवाय तो होत नाही. आणि सकाळपासून मी त्याच गोट्यांशी झुंजत आलो असल्यामुळे त्या प्रत्येकाचे वजन माझ्या पाठीला नेमके ठाऊक होते.

यांना पकसॉ पिट्स म्हणतात. ते का केले याविषयी विद्वानांत एकमत नाही: कोणी म्हणतात शिकाऱ्याने दबा धरून बसण्याची जागा, कोणी अन्नाची कोठारे, कोणी तरुणांनी उपवास करून दृष्टांताची वाट पाहत बसावयाची ठिकाणे. वयाचे अंदाज काही शतकांपासून काही हजार वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. या मुलुखाचे मूळ रहिवासी असलेले अनिशिनाबे लोक या जागा पवित्र मानतात, आणि त्यांतील एकही दगड हलवू नये असा उद्यानाचाही दंडक आहे. भाचा काठावर थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, इथून पाणी मात्र पूर्ण दिसतं." मी मान वर करून पाहिले, तर खरोखरच सबंध उपसागर दिसत होता, होडी येत असली तर तासभर आधी कळावे. हा काही पुरावा नव्हे, हे मला समजते. पण ज्याने हे गोटे उचलले त्याने आधी उभे राहून जागा निवडली होती, एवढे त्या क्षणी पटले.

मग डोळ्यांना चटकच लागली. वाळूवर ओंडक्यांच्या राशी पडलेल्या असतात. पांढरे पडलेले, हाडांसारखे घोटीव. वाऱ्याने मोडलेली झाडे समजून पहिल्या दिवशी मी त्यांच्यावर बसत होतो, पण पुष्कळांची टोके सरळ कापलेली आहेत. कागदाच्या गिरण्यांसाठी या वनांतून लाकूड तोडले जाई, नद्यांतून खाली सोडले जाई आणि सरोवरात वेढा घालून ओढून नेले जाई. त्यांतून निसटलेले हे फरारी. वनाची तोड झाली तेथे कोवळी पानझाडे उगवली, ती खावयास मूस नावाचे मोठे सांबर आले, मूसच्या मागे लांडगे आले, आणि शतकानुशतके जुन्या वनातील दगडफुलावर जगणारे कॅरिबू नावाचे हरीण या नव्या हिशेबात बसेनासे झाले. 1970 च्या दशकात उद्यानात तीसएक कॅरिबू होते. आज त्यांचा मागमूस नाही. समोरच्या मिशिपिकोटेन बेटावर मोठा कळप होता, पण 2014 च्या हिवाळ्यात सरोवर गोठले, बर्फावरून लांडगे बेटावर गेले, आणि 2018 साली उरलेसुरले कॅरिबू हेलिकॉप्टरने उचलून दुसऱ्या बेटांवर नेऊन सोडावे लागले. ज्याला आम्ही अस्पर्श अरण्य म्हणतो त्याच्या उणिवांचीसुद्धा अशी कारकुनाच्या रोजनाम्याप्रमाणे नोंद आहे.

माणसांच्या नोंदी तर दफ्तरातच सापडतात. पिक नदीच्या मुखाशी एकोणिसाव्या शतकात हडसन्स बे कंपनीचे ठाणे होते. या कंपनीशी आपलेही एक आडवळणाचे नाते आहे. इंग्लंडचा जो दुसरा चार्ल्स राजा 1668 मध्ये मुंबई बेट सालीना 10 पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकून मोकळा झाला, त्यानेच दोन वर्षांनी हडसन उपसागराला मिळणाऱ्या साऱ्या नद्यांचा मुलूख, जो त्याने पाहिलाही नव्हता, या दुसऱ्या कंपनीला सनद करून दिला. पुढे या कंपनीचा पसारा सुपिरिअरच्या काठापर्यंत वाढला. मग 7 सप्टेंबर 1850 रोजी सू सेंट मेरी येथे विल्यम बेंजामिन रॉबिन्सन या सरकारी मुखत्याराने सरोवराच्या उत्तर काठावरील अनिशिनाबे प्रमुखांशी तह केला. तहनाम्यावर प्रमुखांनी आपापली निशाणी केली. रोख 2,000 पौंड आणि दरसाल 500 पौंडांची कायमची नेमणूक ठरली, आणि मुलुखाचे उत्पन्न वाढेल तशी नेमणूकही वाढविली जाईल असे कलम घातले गेले. 1875 मध्ये ती माणशी 4 डॉलर झाली. त्यानंतर रेल्वे आली, वने तुटली, जवळच हेम्लोला सोन्याच्या खाणी निघाल्या. नेमणूक 4 डॉलरच राहिली. सरकारने तहाचा भंग करून राजशब्दाला बट्टा लावला असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये दिला, तोवर 1850 च्या पावसाचे पाणीसुद्धा, सरासरीच्या हिशेबाने, सरोवरातून बाहेर पडलेले नव्हते. पिक नदीकाठच्या बिगटिगाँग निशनाबेग लोकांचा तर दावा असा आहे की त्यांच्या पूर्वजांनी त्या तहावर निशाणी केलीच नव्हती. 1,878 चौरस किलोमीटरांचे हे उद्यान 1978 मध्ये स्थापन झाले ते या दाव्याच्या भूमीवर.

व्हाइट नदीवरचा झुलता पूल हे या वाटेचे एकमेव प्रेक्षणीय स्थळ म्हणता येईल. लांबी 30 मीटर, खाली 23 मीटरांवर घळीत शिरणारे पाणी, आणि पाय ठेवला की फळ्यांतून चढत येणारी एक थरथर, जी आपली की पुलाची हे ओळखता येत नाही. (याच नावाच्या गावी, आत रेल्वेमार्गावर, 1914 च्या ऑगस्टमध्ये एका लष्करी पशुवैद्याने अस्वलाचे एक पोर विकत घेतले आणि विनिपेग शहरावरून त्याचे नाव विनी ठेवले, पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ते पाहून एका इंग्रज लेखकाने मुलांसाठी जे पुस्तक लिहिले त्याने या सबंध प्रांतातील सर्व अस्वलांपेक्षा अधिक पैसे मिळविले आहेत.) पुलापर्यंत हॅटी कोव्हहून एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून येथे माणसे भेटू लागतात: सपाता घातलेली, गळ्यात दुर्बीण, हातात फक्त पाण्याची बाटली. आमच्याकडे आणि आमच्या वासाकडे पाहून ती आदराने बाजूला झाली.

हॅटी कोव्हला अनिशिनाबे लोकांनी चालविलेला एक छोटा तळ आहे. तेथे शेकोटीपाशी बसलेल्या बाईंनी देवदारासारख्या एका झाडाच्या पानांचा काढा आम्हांला दिला. साठीच्या असाव्यात. मी अर्थातच खळग्यांविषयी विचारले; त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांविषयी विचारले आणि दुसरा पेला भरला. खळग्यांविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. मात्र भाच्याने गुडघ्यावर उघडलेला उद्यानाचा नकाशा त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला, आणि बोट ठेवीत ठेवीत दक्षिणेकडे सांगत गेल्या: या खाडीत आजोबा जाळी टाकीत, येथे निळ्या बोरांच्या दिवसांत घरची सारी माणसे येऊन राहत, या वाळूवर थोरली मावशी जन्मली. नकाशावर त्या जागी छोट्या तंबूची चित्रे होती आणि शेजारी तळांची नावे. भाच्याने खिशातून आमचा परवाना काढून ताडून पाहिला. त्यांतील दोन-तीन जागी आम्ही रीतसर शुल्क भरून झोपलो होतो.